सावडीचा आवाज

आमच्याकडे येणाऱ्या लोकांना काय म्हणायचं, यावरून ऑफिसात पहिल्याच वर्षी वाद झाला होता. आमची संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. छोट्या गावांतून बातम्या देणारी मंडळी असतात, त्यांची कॉम्प्युटरची सगळी बाजू आम्ही सांभाळतो. कुणाची वेबसाइट असते, कुणाचं मोबाइलवरचं बातमीपत्र. देणगीदारांना पाठवायच्या अहवालात या मंडळींना 'क्लायंट' म्हणतात. आणि लांब कुठंतरी बसून आम्हाला फुकट प्रोग्राम लिहून देणारे, गावोगावून बातमी पाठवणारे, ते सगळे 'कॉन्ट्रिब्युटर'. मी जन्मभर वर्तमानपत्रात उपसंपादक होते, लाल पेन चालवायची खोड हाडीमाशी मुरलेली. मी म्हटलं, क्लायंट वकिलाकडे असतात, आपल्याकडे कसले? पण दुसरा शब्द मलाही सुचत नव्हता.

तो सुचला चिंचोळीच्या बाईंना. या बाई चिंचोळी एमआयडीसीत आणि आसपासच्या गावांत फोनवरच्या बातम्या चालवतात. त्यांच्या नंबरवर मिस कॉल द्यायचा, मग उलटा फोन येतो आणि बातम्या ऐकू येतात. नेट लागत नाही, वाचता यावं लागत नाही. ऐकणाऱ्याला स्वतःची बातमी सांगायची असेल तर एक बटण दाबून तो बोलून ठेवतो, आणि बाई ऐकून, खात्री करून ती पुढं लावतात. त्यांचं बातमीघर म्हणजे एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या चादरी ठोकलेल्या, आणि त्या चादरींवरचे मोर छताकडे पाय करून उलटे लटकलेले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, निदान मोर तरी सरळ लावायचे. बाई म्हणाल्या, "अक्का, मोर ऐकायला थोडीच येत्यात."

त्यांना आमची पद्धत समजावून सांगितली. आम्ही मोबदला घेत नाही, पण तुम्ही शिकलात की पुढच्या नवख्या माणसाशेजारी जाऊन बसायचं आणि त्याला शिकवायचं. हे मी चांगलं पाच-सहा वाक्यांत, उदाहरणं देऊन सांगत होते. बाईंनी मध्येच तोडलं. "म्हंजी सावडच की ही. आज तुमी माज्या रानात खुरपायला, उद्या मी तुमच्या. मंग सरळ सावड म्हना, कशाला इंग्रजीत घालताय?"

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात सावड हा शब्द रुजला. अहवालात अजून क्लायंटच जातो, त्याला इलाज नाही. पण आम्ही आपसात 'या आठवड्यात सावड कुणाकडे?' असंच विचारतो. खरं सांगायचं तर माझा या पद्धतीवर विश्वास नव्हता. एक ना धड भाराभर चिंध्या होणार, असं मी पहिल्या महिन्यात आमच्या प्रमुखांना ऐकवलं होतं. मग वेळापूरची एक बाई, जी गावच्या बातम्या मोबाइलवर वाचून दाखवते, ती वाऱ्यात माइक कसा धरायचा हे शिकवायला एसटीने अक्कलकोटला गेली. अक्कलकोटच्या एका शिक्षिकेनं आमच्या सगळ्या बटणांची नावं कानडीत करून दिली. आणि कधी न भेटलेली माणसं, बंगळूरची, गुवाहाटीची, रविवारची दुपार मोडून आमच्या प्रोग्राममधल्या चुका शोधत बसायची. मी चिडून बसायची तयारी ठेवली होती आणि रोज थक्क व्हायची वेळ येत होती. असं झालं की माझी जरा पंचाईत होते.

आमचा आणखी एक नियम होता. नवीन केलेली कुठलीही गोष्ट सगळ्यात आधी अशा माणसाच्या घरी चालवून बघायची, की ती बिघडली तर फटका त्यालाच बसेल. ऑफिसात चालली, बंगळूरला चालली, याला आम्ही चालली म्हणत नाही. हा नियम नसता तर पुढं आम्हीच एकीला अडकवून बसलो असतो.

उन्हाळा होता. सोलापूरचा उन्हाळा, म्हणजे त्याबद्दल काही बोलायलाच नको. चिंचोळीच्या बाई भर दुपारी ऑफिसात आल्या, पाणीसुद्धा न पिता खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एक आवाज झाकायचाय."

एका कारखान्यात काम करणाऱ्या बाईनं त्यांच्या फोनवर बातमी ठेवली होती. बायकांच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मागायला गेलं की चारचौघांत विचारतो, आत्ताच तर गेली होतीस ना? म्हणून बायकांनी पाणी पिणंच सोडलं होतं. आदल्या आठवड्यात एकजण मशीनपाशी चक्कर येऊन पडली होती. संपादक बाईंनी, म्हणजे चिंचोळीच्या बाईंनी, त्याच कारखान्यातल्या आणखी दोघींकडून खात्री करून घेतली होती. बातमी खरी होती. पण त्या बातम्या सुपरवायझरही ऐकतो, ऑफिसातले साहेबही ऐकतात, आणि बोलणारीच्या घरात कमावणारी ती एकटीच. सासू अंथरुणाला, मुलगी दुसरीत. तिनं बाईंना सांगितलं होतं, "बातमी जाऊ दे, पर माजी नोकरी जाऊ देऊ नका."

आमची प्रोग्रामर, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली पोरगी, ऐकता ऐकताच कामाला लागली. तिच्या घरात बाप-आजा मागावर आणि ही कीबोर्डवर, बोटांना उसंत नाही ती नाहीच. गुवाहाटीचा एक कॉन्ट्रिब्युटर आवाज बदलायच्या प्रोग्रामवर आधीपासून काम करत होता. दोघांनी मिळून तो असा काही बसवला की बाईचा आवाज चक्क जाडजूड पुरुषाचा झाला. आम्ही ऑफिसात एकमेकांचे आवाज घालून बघितले. माझा आवाज तर एखाद्या रिटायर्ड फौजदारासारखा निघाला, आणि प्रमुखांनी हसून हसून डोळे पुसले. कोण बोलतंय हे कुणालाच ओळखता येईना. "झालं की मॅडम," पोरगी म्हणाली. मलाही वाटलं, झालं.

नियम होता म्हणून रविवारी आम्ही तिघी, मी, संपादक बाई आणि पोरगी, त्या कामगार बाईच्या घरी गेलो. पत्र्याची खोली, दारात तुळस, आत सासूबाई खाटेवर. ती बाई आमच्यापुढं गुळाचा चहा ठेवून भिंतीला टेकून बसली. अंगानं किडकिडीत, बोलायला मोकळी. पोरीनं मोबाइलवर तिची बातमी लावली. खोलीत तो जाड पुरुषी आवाज घुमला. बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आगं बाई, ह्यो तर आमच्या मामावानी बोलतुय की!"

तिची मुलगी उंबऱ्यावर बसून खडे खेळत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "आई, ह्यो बाप्या तुज्यावानी का बोलतुय?"

बाईनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. हसू तिथंच थांबलं. पोरीनं बातमी पहिल्यापासून परत लावली.

मग आमच्याही लक्षात आलं. ही बाई दर वाक्याआधी जीभ टाळूला लावून 'टक' असा बारीक आवाज करते. बोलायला सुरुवात करायची तिची ती रीत. यंत्रानं आवाज जाड केला होता, पण तो 'टक' तसाच्या तसा राहिला होता, आणि त्यामागून येणारी तिची बोलण्याची चालही. सात वर्षांच्या मुलीला जे कळलं ते रोज शेजारच्या मशीनवर उभ्या राहणाऱ्यांना कळल्याशिवाय राहिलं असतं का? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. बाईचा हात अजून मुलीच्या तोंडावर होता. तो काढायचं तिला भानच राहिलं नव्हतं.

परत येताना रिक्षात पोरगी रडवेली झाली होती. म्हणाली, सगळं लिहून घेऊ आणि कॉम्प्युटरच्या आवाजात वाचून दाखवू. संपादक बाईंनी मान हलवली. "यंत्राचा आवाज आला की लोक फोन कापत्यात. कर्जवाले आन रिचार्जवाले त्याच आवाजात बोलत्यात." मग मीच एखादीकडून वाचून घेऊ म्हटलं, तर त्या म्हणाल्या, एकीच्या आवाजात गेली की ती एकटी सापडली. रिक्षा टोलनाक्यापाशी ट्रकांच्या रांगेत अडकली होती. बाईंनी बाहेर मान काढून रांग बघितली. मग म्हणाल्या, "अक्का, माज्या बाच्या रानात खुरपायला सावडीनं पंधरा-वीस बाया यायच्या. बांधावरनं जानाऱ्याला रान कुनाचं ते कदी कळायचं न्हाय. समद्याच वाकलेल्या."

एवढंच बोलल्या. मला काही उमगलं नाही. पोरीला मात्र उमगलं. ती डोळे पुसायचीच थांबली.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी फोन करायला सुरुवात केली. वेळापूर, जेऊर, अक्कलकोट, शहरातल्या विडी वळणाऱ्या बायका, जिथं जिथं आमची सावड पोचली होती तिथं. मूळ रेकॉर्डिंग त्यांनी कुणालाही ऐकवलं नाही, ते त्यांच्या लॅपटॉपबाहेर गेलंच नाही. प्रत्येकीला फक्त एक-दोन वाक्यं तोंडी सांगायची, आणि तिनं ती आपल्या बोलीत फोनवर बोलून ठेवायची. बजावून सांगितलं होतं की 'तितल्या बाया असं सांगत्यात' असंच म्हणायचं. पोरगी ती वाक्यं मागंपुढं जोडणार होती आणि मी ऐकून तपासणार होते.

सकाळी मी कानाला हेडफोन लावून बसले. खिडकीखालच्या गल्लीत मागांचा खटखटाट चालू होता. पहिला आवाज वेळापूरच्या बाईचा. "मी दिसभर पानी पीत न्हाय. तहान लागली तर वलं फडकं व्हटाला लावती."

माझं डोकं फिरलं. मी? ही बाई कुठल्या कारखान्यात गेली होती? इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांतून असली वाक्यं खोडत आले. तिथल्या तिथं फोन लावला आणि म्हटलं, "अहो, तुम्हाला काय सांगितलं होतं? असं बोललात तर बातमी खोटी होते. तुम्ही तिथं कामाला नाही."

"खोटं कुटं बोलले, अक्का?" पलीकडून शांतपणे आलं. "आटवड्याच्या बाजाराला मी दिसभर माळवं इकती. तितं बाईमानसानं जायाचं कुटं? त्या दिवशी पाण्याचा थेंब घेत न्हाय मी. तुमी येऊन बगा."

मी फोन ठेवला आणि पुढचा आवाज लावला. अक्कलकोटच्या शिक्षिकेनं अर्धं वाक्य मराठीत सुरू केलं होतं आणि पुढं ती कानडीत गेली होती, "नीरु कुडियोदिल्ल री." प्रवासाला निघायचं असलं की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही, असं तिनं शेवटी जोडलं होतं. विडी वळणारी आजी तेलुगूत म्हणाली होती, "नीळ्ळु तागनु," मी पाणी पीत नाही. जेऊरची बाई केळीच्या बागेतून बोलत होती, मागं पानांची सळसळ ऐकू येत होती. तीही तेच म्हणाली. 'तितल्या बाया सांगत्यात' असं एकीनंही म्हटलं नव्हतं. या बायका एकमेकींना ओळखत नाहीत, त्यांनी काही ठरवलं नव्हतं. प्रत्येकीनं दुसरीचं वाक्य तोंडात घेतलं होतं आणि तोंडात घेतल्यावर तिला कळलं होतं की हे तर आपलंच आहे.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बातमी म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. एका खिशातली किल्ली बाहेर काढायला गेलो आणि हातात अख्खा जिल्हा आला, असं काहीतरी मला त्या सकाळी वाटलं.

पोरगी शेजारी येऊन उभी राहिली. तिनंही सगळं ऐकलं होतं. हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचा आवाज द्या की."

"माझा कशाला?" मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला वर्तमानपत्राच्या ऑफिसातली माझी पाण्याची बाटली आठवली. संपादकीय विभागात मी एकटी बाई. बायकांची सोय खाली, कागदाच्या गोदामामागं, तिथला दिवा कायम गेलेला. मी रोज घरून बाटली भरून न्यायचे आणि रोज तशीच भरलेली परत आणायचे. आई म्हणायची, नेतेस कशाला मग? हे मी कुणाला कधी बोलले नव्हते. बोलण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं. मी फोन उचलला, बटण दाबलं आणि बोलले. आवाज फौजदारासारखा नव्हता, माझाच होता.

बातमीच्या सुरुवातीचा मजकूर मात्र मी हट्टानं स्वतः लिहिला. ही बातमी एका कारखान्यातल्या बाईची आहे. तिचं नाव आणि आवाज आम्ही देणार नाही. बोलणाऱ्या बायका वेगवेगळ्या गावांच्या आहेत, आणि पाण्याबद्दल प्रत्येकजण जे बोलते आहे ते तिचं स्वतःचंही आहे. आदल्या दिवशी संपादक बाईंनी कारखान्याला फोन करून त्यांचं म्हणणं विचारलं. असं काही नाही, म्हणून त्यांनी फोन ठेवला. तेही आम्ही बातमीत घातलं.

बातमी सुटली त्या दिवशी दुपारपर्यंत मिस कॉलचा असा मारा झाला की यंत्र दोनदा बसलं आणि पोरगी जेवायला उठली नाही. कारखान्यात काय झालं ते त्या कामगार बाईनंच नंतर सांगितलं. सुपरवायझरनं फोन कानाला लावून बातमी परत परत ऐकली. ऐकायचा आणि रांगेतल्या एकेकीचं तोंड बघायचा. "पर धरनार कुनाला?" ती म्हणाली. "एक कानडी, एक तेलुगू, एक वेळापूरकडली. त्याला वाटलं आसंल, समदा जिल्हाच हितं कामाला हाय व्हय!" दोन-तीन दिवसांनी बायका कामाच्या पाळीला गेल्या तर संडासाच्या दाराला कुलूप नव्हतं. कुणी काढलं, कधी काढलं, कुणी काही बोललं नाही. बायकांनीही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत सगळ्या जणी टाकीपाशी गेल्या आणि पोटभर पाणी प्यायल्या.

गोष्ट इथं संपली असती तरी मी ती जन्मभर सांगत राहिले असते. पण सावड म्हटली की फेड आलीच.

पावसाळा संपता संपता जेऊरच्या त्या बाईवर तीच वेळ आली. केळीच्या बागेत फवारणी चालू असतानाच बायकांना आत कामाला लावत होते, तोंडाला बांधायला फडकंही देत नव्हते. आता तिचा आवाज झाकायचा होता. संपादक बाईंनी पुन्हा फोन सुरू केले. चिंचोळीच्या त्या कामगार बाईला मात्र त्यांनी मुद्दाम विचारलं नाही. एवढ्या कष्टानं झाकलेली कशाला उघडी पाडायची, असं त्यांना वाटलं. तिला कुठून कळलं देव जाणे. तिचाच फोन आला. "माजी पाळी हाय की. मला का वगळलं?"

पोरीनं तिला परोपरीनं सांगितलं की तुमचा आवाज लगेच ओळखू येतो. "वळकू द्या की," ती म्हणाली. "मी काय केळीच्या बागंत कामाला हाय? मला काय करनार तितला मालक?" मी विचारलं, पण तुम्ही जे बोलाल ते तुमचंही खरं असायला हवं ना? मग 'टक' असा आवाज आला आणि ती म्हणाली, "लग्नाआदी तुरीच्या रानात हुते मी, अक्का. डोक्यावरनं फवारा चालायचा. तवापासनंचा ठसका अजून हाय."

त्या बातमीच्या आठवड्यात पोरगी आणि मी तिच्या वस्तीवर गेलो होतो. नवीन काहीतरी केलं होतं, ते नियमाप्रमाणे घरी चालवून बघायचं होतं. संध्याकाळची वेळ, वस्तीच्या तोंडाशी किराणा दुकान. ती बाई पिठाची पिशवी घेऊन उभी होती, मुलगी फळीवर कोपरं टेकून गोळ्यांच्या बरणीकडे बघत होती. पाळीवरून सुटलेले चार-पाच कामगार तिथं रेंगाळले होते. दुकानदारानं फळीवर फोन ठेवून बातम्या लावल्या होत्या. जेऊरची बातमी सुरू झाली. एक आवाज आला, दुसरा आला. आणि मग 'टक'.

मुलीनं मान वर केली. "ही माजी आई हाय!" ती ओरडली. "आयका, ही माजी आई हाय!"

काय होतंय हे कळायच्या आत माझा हात तिच्या तोंडाकडे गेला होता. तिच्या आईनं तो मध्येच धरला.

"बोलू द्या की तिला, अक्का," ती म्हणाली.

दुकानदारानं फोनचा आवाज वाढवला.